क्षमा करायला आलेली लेक

"माजी मुक्ता मोठ्या दुष्काळात गेली, बाई," भिवराबाई म्हणाली आणि तिनं हळकुंडाचं सूप जात्याकडे सरकवलं.

अंगणात मांडव पडला होता. लेकाचं, उत्तरेश्वरचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं. जात्याभोवती सात-आठ बायका हळद दळायला बसल्या होत्या. समोर पांढऱ्या लुगड्यातली एक परकी बाई उभी होती. तिचं कपाळ मोकळं होतं, गळ्यात क्रूस होता. किरिस्ताव असणार, हे सगळ्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

"ती गेली नाही," परकी बाई म्हणाली. "मीच मुक्ता."

जातं थांबलं.

तिचं नाव आता कृपाबाई होतं. दुष्काळात ती सहा वर्षांची होती. घरात खायला दाणा राहिला नाही, तेव्हा आईनं तिला निजामाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात नेलं आणि मिशनच्या अनाथगृहात ठेवलं. "पेरणी झाली की न्यायला येते," असं सांगून आई परतली. पेरणी झाली. काढणी झाली. पोर रोज सकाळी आपले कपडे फडक्यात बांधून तयार बसायची. शेवटी अनाथगृहाच्या मोठ्या मडमबाईंनी तिला मांडीवर घेतलं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्या म्हणाल्या, "आई एखादे वेळी लेकराला विसरेल. देव विसरत नाही. हे त्याचं वचन आहे आणि तो दिलेलं वचन मोडत नाही."

त्या दिवसापासून तिनं फडकं बांधणं सोडलं. मडमबाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शिकवलं, मिशनच्या शाळेत मास्तरीण केलं. गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत गावोगाव बायकांपुढे उभी राहून ती आपली साक्ष सांगायची. आईनं टाकलं, देवानं उचललं. ऐकणाऱ्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. तिचे डोळे मात्र कोरडेच असायचे. प्रार्थनेत तिचं एकच मागणं होतं. एकदा आईची भेट घडव, मला तिला क्षमा करायची आहे. देव हे ऐकणार, याबद्दल तिला कधी शंका आली नाही.

गेल्या महिन्यात मडमबाई वारल्या. शेवटच्या दुखण्यात कृपाबाईनंच त्यांचं सगळं केलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि एका वाडीचं नाव सांगितलं. पालीच्या पुढची वाडी. तुझी आई तिथली. तुझ्या गावाची कुठे नोंदच नाही, असं अठरा वर्षं त्याच सांगत आल्या होत्या. मग आता ते कसं आठवलं, हे कृपाबाईनं विचारलं नाही. देवानं शब्द पाळला, एवढंच तिला दिसलं. मडमबाईंच्या मातीवर फुलं ठेवून ती निघाली.

आता ती जात्यापाशी खाली बसली. वाटेभर घोकलेलं वाक्य तिनं एका दमात म्हटलं.

"आई, तू मला विसरलीस. पण मी तुला क्षमा केली आहे."

भिवराबाईनं हळदीचे हात लुगड्याला पुसले आणि कृपाबाईचं तोंड उजेडाकडे वळवलं. उजव्या भुवईत जुनी खोक होती. तिच्यावरून तिनं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"वैनी, हिला उठवा," नणंद तुळजाबाई हळूच म्हणाली. "व्याह्यांची मानसं येतील. किरिस्ताव लेक हाय म्हनून कळलं तर लगीन मोडंल."

"मोडू दे," भिवराबाई म्हणाली. मग कृपाबाईकडे बघून म्हणाली, "मी आलते."

"कुठं?"

"तुला न्यायला. पेरनी झाली तशी निगाले. तुजा बाप तवर गेलता. ह्यो उत्तरेश्वर पोटात होता. पाच दिस चालले."

"मला कुणी सांगितलं नाही."

"फाटकातच मोठी गोरी बाई भेटली. मला पानी दिलं. लई रडली माज्यासंगं. म्हनली, तुजी पोरगी तापानं गेली, मातीबी आमीच दिली. मागच्या अंगाला एक बारका ढिगारा दावला. मी दिसभर त्याच्यापशी बसले. भिंतीपल्याड पोरं पाठ म्हनत होती, ते ऐकत बसले. मग उठले आन् घरी आले."

त्या पोरांत कृपाबाईही पाठ म्हणत होती. शेजारी बांधलेलं फडकं ठेवून.

"इतकी वर्षं मी गावोगाव सांगत फिरले," ती कशीबशी म्हणाली, "की आईनं मला टाकलं."

बायका एकमेकींकडे बघत होत्या. कुणीतरी जात्याचा खुंटा धरला आणि सोडून दिला.

"आई, तू आत का आली नाहीस?" कृपाबाईनं विचारलं. तिचा आवाज चढला होता. "एकदा आत येऊन बघायचं होतंस. त्या बाईचं तू खरं कसं मानलंस?"

भिवराबाईला हा प्रश्नच नीट कळला नाही. ती लेकीकडे बघत राहिली.

"देवाच्या घरातली बाई ती," ती म्हणाली. "खोटं कावून बोलंल? मी इस्वास ठिवला."