देवघरातला पाना

"चपला इथेच काढा, आजोबा. बाहेरची घाण आत नको," वनरक्षक शबाना मुजावर म्हणाली. "या गवताला विषाचा कण जरी लागला, तरी ते पाच मिनिटांत निळं पडतं. तीन वर्षांत एक पातं निळं झालेलं नाही."

भिकाजी मोहिते चपला काढून गेटमधून आत पाहत राहिले. रसायनांचा कारखाना होता तिथे आता राखीव रान होतं. त्यांची नात रेवा घामेजल्या, अनवाणी पायांनी केव्हाच पुढे पळाली होती.

आज खंडेनवमी. आपलं मशीन जिथे उभं असायचं, तिथे भिकाजी बसले. कारखाना बंद झाला त्या दिवशी घरी नेलेला पाना त्यांनी पिशवीतून काढला, झेंडूची माळ घालून गवतावर ठेवला आणि हात जोडले.

डोळे उघडले, तेव्हा पान्याभोवतीचं गवत निळं पडत होतं.

"हा कुठे ठेवता तुम्ही?" शबानाचा आवाज चिरकला.

"देवघरात. याच्यावर घर चाललं आमचं."

"आणि हात कोण लावतं याला?"

रोज सकाळी रेवाच देवांबरोबर हा पाना ताम्हणात धुवायची. ते तीर्थ घरात सगळे घ्यायचे. पहिला घोट तिचा असायचा.

"रेवा! थांब तिथेच!"

ती हसत वळली. भिकाजींनी गेटकडे पाहिलं. तिथून गवतात निळ्या पावलांच्या दोन ओळी आल्या होत्या. लहान पावलांची ओळ जास्त गडद होती.