तिसरं नाव

आपल्या मुलाच्या शेवटच्या तापात उशाशी बसलेल्या डॉक्टर प्राणेशरावांना निवडून आणायला नागोजीरावांनी नजरबाद मोहल्ल्यातले उंबरे झिजवले होते. म्हैसूरच्या प्रजासभेत तेच डॉक्टर कडाडले, “आमच्या गल्लीतले प्लेगचे सतरा बळी दडवलेत!” प्लेगखात्याच्या साहेबांनी थंडपणे मृत्यूनोंदीची वही उघडली. “इथं ताप लिहिलाय. सही तुमचीच ना, सरकारी डॉक्टर असतानाची?” “माझीच! दसऱ्याचे पाहुणे बिथरतील, ताप लिहा, हा हुकूम तुमचा. सतरावं नाव वाचा.” साहेबांनी वही मिटली. वही हिसकावून डॉक्टरांनीच वाचलं, “तुंगा, वय सहा, प्लेग. माझी मुलगी! त्याच दिवशी नोकरीला लाथ मारली.” सभा टाळ्यांनी दणाणली. प्रेक्षकांतले नागोजीराव उठले. “तिसरं नाव माझ्या मुलाचं, डॉक्टर. तिथंच खरं लिहिलं असतंत, तर गल्ली वेळेवर रिकामी झाली असती. तो गेलाच होता; तुमची तुंगा तरी जगली असती.”