आईच्या खोलीतली भिंत

त्या रंगाऱ्याने रंगवलेल्या भिंती लोकांच्या घरी वर्षानुवर्षं टिकायच्या, पण स्वतःच्या आईच्या खोलीतली भिंत त्याला तीनदा दगा देऊन गेली. पलंगाशेजारचा रंग दर वेळी आठवड्याभरात फुगायचा, तडकायचा आणि त्याचे पापुद्रे आईच्या उशीवर पडायचे.

ओल कुठेच नव्हती. दर वेळी त्याने भिंत खरवडली, भेगांत पुट्टी भरली, घासून सपाट केली, प्रायमर पुरता वाळू दिला आणि मगच रंग लावला. कामात खोट म्हणून सापडेना.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आईची वाचा गेली होती. तिची एक हाक ऐकायला मिळावी म्हणून दोन वर्षं त्याने नाही नाही ते उपाय केले होते.

चौथ्यांदा, भर दुपारी, तो त्वेषाने भिंत खरवडू लागला.

"हळू रे बाळा, दुखतंय."

आवाज आईचाच होता. त्याच्या हातातलं पातं गळून पडलं. "आई! बोललीस तू?" म्हणत तो वळला.

आईचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळे विस्फारून ती भिंतीकडे बघत होती.

त्याने भिंतीला कान लावला. आत सगळं शांत होतं. "एकदाच बोल गं आई," तो भिंतीला म्हणाला. "फक्त एकदा."

मागून आईने धडधाकट हाताने त्याचा सदरा पकडला आणि जिवाच्या आकांताने मान हलवत ती त्याला ओढू लागली.

त्याने पातं उचललं आणि त्याची धार भेगेत खोलवर घातली.