भोपळ्याची ट्रायल

शिंप्याने उकडलेल्या भोपळ्याचा पहिला चमचा बायकोला भरवला, आणि दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून तो उभा राहिला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट चढवून तो असाच मागे सरत आला होता. दुकान बंद झालं, सवय राहिली. कोटाच्या जागी भोपळा आला, एवढाच काय तो फरक.

"बोल. कुठे ढिलं, कुठे घट्ट?"

कॉटवर तीन उशांना टेकून बसलेली बायको चघळत होती. भोपळा इतका शिजला होता की त्यात चघळण्यासारखं काही नव्हतं. पण तिने ते काम मनापासून केलं.

डॉक्टरांनी कागद लिहून दिला होता. मीठ नाही, साखर नाही, लाल तिखट नाही, तळण नाही, तेल वासापुरतं. आणि सगळ्यात खाली, 'आहार रुचकर व वैविध्यपूर्ण असावा.' डॉक्टरांना थट्टेचं अंग आहे हे शिंप्याला तोवर माहीत नव्हतं. बाकीचं त्यांनी तोंडी सांगितलं होतं. मागच्या शनिवारी वजन छत्तीस किलो चारशे ग्रॅम भरलं. या शनिवारी छत्तीसच्या खाली गेलं, तर नाकातून नळी. त्यावर बायको डॉक्टरांच्या तोंडावरच म्हणाली होती, "नळी मी घालून घेणार नाही." तिच्या 'नाही'चा शिंप्याला दुकानापेक्षा जुना अनुभव होता.

आज गुरुवार होता.

लांब राहणारी लेक फोनवर व्हिडिओ पाठवायची. त्यात एक हसरी बाई 'रोजच्याच भाजीला द्या नवं रूप' असं म्हणून अकरा जिन्नस घालायची. त्यातले नऊ डॉक्टरांच्या कागदावर सापडायचे. उरलेल्या दोनांवर शिंप्याने आठवडा रेटत आणला होता. सोमवारी मिरी, मंगळवारी लिंबाची साल किसून, बुधवारी भाजलेले तीळ. भोपळा तोच, अस्तर रोज नवं. आणि बेत रोज सकाळी बायकोला आधी सांगायचा, म्हणजे दुपारपर्यंत भूक धरेल.

आज सकाळी त्याने जाहीर केलं होतं, "आज आलं. फार नाही. दारातून डोकावून गेल्याइतकंच."

बायकोने घास गिळला.

"बरं झालंय," ती म्हणाली. "पण आलं तुम्ही डोकावू दिलं नाहीत, घरातच घेतलंत. चटका बसतोय जिभेला."

शिंपी मागे सरला होता तिथेच राहिला.

बाजारात आलं होतं, पण सुतळीसारखं वाळलेलं. ते त्याने घेतलंच नव्हतं. चांगलं शोधत चार दुकानं फिरण्यात उशीर झाला, म्हणून घरी येऊन भोपळा नुसता उकडला आणि कुस्करला. मिरी नाही, लिंबू नाही, काहीच नाही. तिला सांगायचं तेवढं राहून गेलं.

"फारच झालंय का गं?"

"थोडंसं. कालच्या तिळांपेक्षा मात्र छान. ते जरा करपले होते बघा."

तीळ करपले नव्हते. करपतील म्हणून भीती वाटते, असं तो काल सकाळी म्हणाला होता खरा. म्हणजे गिऱ्हाईक आठवडाभर आरशात न बघताच कोटाचं कौतुक करत होतं.

"आण, उसवून देतो," तो म्हणाला आणि वाटी घेऊन आत गेला.

आलं कमी करायला जितका वेळ लागावा तितका वेळ तो ओट्यापाशी उभा राहिला. मध्ये एकदा नळ सोडला, एकदा चमचा आपटला. मग तीच वाटी घेऊन बाहेर आला.

दुसरा चमचा अर्धाच आत गेला.

"हं. आता बसलं बरोबर," ती म्हणाली आणि मान भिंतीकडे वळवून डोळे मिटले.

"अगं, एवढा एकच."

"उद्या काय करणार?"

तो कॉटच्या कडेला टेकला. भरलेला चमचा तसाच हातात.

"उद्या लसूण," तो म्हणाला. "सोलायचा नाही. सालासकट जाळावर धरायचा. साल काळी पडते आणि आत पाकळी अशी मऊ होते, लोण्यासारखी."

"मग?"

त्याने चमचा पुढे केला. तिने तो हातानेच बाजूला सारला. "थांबा हो. आधी सांगा."

"मग मिरी. कुटायची नाही, नुसती फोडायची. तव्यावर टाकली की शेजारीण शिंकली पाहिजे."

"शिंकू दे मेलीला. मग?"

मग काही नव्हतं. कागदाने मोकळं ठेवलेलं सगळं संपलं होतं.

"मग मीठ," शिंपी म्हणाला.

तिने डोळे उघडले. "मीठ?"

"जाडं. वरून, चांगलं दोन चिमट्या."

"आणि डॉक्टर?"

"त्याला कोण बोलावतंय जेवायला?"

ती हसली. आवाज आला नाही, खांदे तेवढे हलले. मग डोळे मिटून तिने जबडा सावकाश हलवायला सुरुवात केली. एकदा ओठांवरून जीभ फिरवली.

"लिंबू पिळा की वर."

"पिळलं."

"अजून."

"घे. अख्खं घे."

ती बराच वेळ चघळत राहिली. शिंपी बघत राहिला. मध्येच चमचा ओठांशी नेऊन पाहिला, तेव्हा तिने तोंड घट्ट मिटलं. तोंडात घास असताना माणूस मिटतो तसं. मग तिने आवंढा गिळला.

"पुरे हो आता," ती म्हणाली. "कितीतरी दिवसांनी पोट भरलं."

आणि उशीवर मान टाकून तिने हळूच ढेकर दिली.