मागच्या अंगणातलं घर

"ठरावाच्या विरोधात असलेल्यांनी हात वर करा," सभाध्यक्ष म्हणाला.

शाळेच्या व्यायामशाळेत गावसभा भरली होती. नडीन भिंतीकडच्या बाकावर बसली होती, मतदानाचा हक्क नसलेल्यांमध्ये. वीस वर्षं या गावात कुणाच्या छातीत दुखलं की रुग्णवाहिका घेऊन तीच धावायची. पण इथलं भाडं तिच्या पगारात बसत नव्हतं, म्हणून राहायची चाळीस मैलांवर. आणि जिथे राहायचं, तिथलंच मत.

ठराव साधा होता. घराच्या मागच्या अंगणात दुसरं छोटं घर बांधायची मुभा मिळावी, एवढाच. तीन वर्षं नडीन त्यासाठी दारोदार फिरली होती. मंजूर झाला की आईच्या इथल्या घराच्या अंगणात, सफरचंदाच्या झाडापलीकडे नडीनला राहायला दोन खोल्या बांधायच्या, असं मायलेकींचं ठरलेलं. खिडक्या कुठे हव्यात, तेही आईनेच कागदावर काढून दाखवलं होतं.

आईचा शेजारी वेंडेल प्रॅट आजही सगळ्यांत आधी बोलायला उठला होता. "आज एक घर, उद्या दहा. गाड्या लावायच्या कुठे? गावाचं गावपण जाईल." गेल्या वर्षीही तो हेच बोलला होता, त्याच्या आदल्या वर्षीही. लोकांनी पुन्हा माना डोलावल्या होत्या. नडीनला बोलायचीही परवानगी नव्हती.

आता हात मोजले जात होते. वेंडेलचा हात वर होता. त्याच्याच बाजूला, हिरव्या स्वेटरच्या बाहीतला आईचा हातही.

ठराव एका मताने पडला.

बाहेर पायऱ्यांवर तिने आईला गाठलं.

"आई, तू हात वर केलास."

"केला."

"तीन वर्षं जोडे झिजवतेय मी. खिडक्यासुद्धा तू निवडल्यास ना गं?"

आई कठड्याला धरून उभी राहिली. वेंडेल गाडी आणायला गेला होता, तिला घरी सोडायला. तो पुरेसा लांब गेल्याची तिने खात्री करून घेतली.

"शेजारीच बसला होता तो. माझ्या दारातला बर्फ तो काढतो, औषधं तो आणतो. त्याच्याशी वाकडं घेऊन मला कसं चालेल? मी पडले तर तोच धावत येतो, नडीन. तू राहतेस एवढी लांब."