देवाशी अबोला

मुठीचे तांदूळ न्यायला पी तियाल दारात आली, तेव्हा दॉत सुंग नवऱ्याला पेज भरवत होती. पी तियाल म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांची सुईण आणि सगळ्यांचीच 'पी', म्हणजे आजी; तिला कुणी 'या' म्हणायची गरज नसे. ती सरळ आत आली आणि चुलीजवळची उबेची जागा धरून बसली. तिच्या मागे सियांग पार, गावातली नवी सून, टोपली घेऊन उभी राहिली.

आमच्या डोंगरात भात टाकताना प्रत्येक घरी आधी देवाची एक मूठ बाजूला निघते. साठलेले तांदूळ चर्चच्या महिला मंडळाच्या बाया येऊन घेऊन जातात. या घरचा डबा आज रिकामा असणार, असं पी तियाल रस्ताभर सियांग पारला बजावत आली होती. दॉत सुंगने देवाशी अबोला धरलाय, हे गावात कुणापासून लपलेलं नव्हतं.

एरवी ही बाई म्हणजे देवाशी अखंड बडबड. मिरच्या तोडताना, पाणी भरताना, डुकरांवर ओरडता ओरडता मध्येच वर बघून त्याला चार शब्द. नळावर तिच्या मागे उभं राहिलेल्याला वाटायचं, आपल्याशीच बोलते आहे. मग राल उकला, तिच्या नवऱ्याला, झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तिने देवाकडे एकच मागितलं: हात गेला तर गेला, पाय गेला तर गेला, यांचा आवाज तेवढा परत दे. आवाज आला नाही. तेव्हा भर चर्चमध्ये ती म्हणाली होती, तू यांना बोलू देत नाहीस ना, मग मीपण तुझ्याशी बोलणार नाही. ती रविवारी यायची, बाकावर बसायची आणि गाण्यालासुद्धा तोंड उघडायची नाही.

दॉत सुंगने डबा आणून समोर ठेवला. डबा काठोकाठ भरलेला होता.

"काय गं, तुझा तर अबोला ना?" पी तियाल म्हणाली.

"बोलणं बंद आहे, पी. वाढणं थोडंच बंद केलंय."

सियांग पारने हसू दाबलं. तिच्या स्वतःच्या घरी कालपासून हेच चाललं होतं: नवऱ्याशी अबोला, पण त्याचं ताट वेळेवर.

तांदूळ टोपलीत ओतण्याआधी घरच्या माणसाने प्रार्थना करायची, अशी रीत आहे. पी तियालने ती आठवण करून दिली. दॉत सुंग म्हणाली, तुम्हीच करा. म्हातारी कसली ऐकतेय. मी केली तर ते माझ्या घरचे तांदूळ होतील, म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसली. दॉत सुंग पेजेचं भांडं पुसत राहिली. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

राल उकने डावा हात उचलला आणि डब्यावर ठेवला. डोळे मिटले. त्याच्या घशातून आवाज निघाला. त्यात शब्द नव्हता, पण चाल ओळखीची होती. चर्चमध्ये वर्षानुवर्षं प्रार्थना तोच करायचा. आधी आभार, मग पाऊसपाणी, मग आजारी माणसं, मग परदेशी गेलेली मुलं. आवाज त्याच जागी चढत होता आणि त्याच जागी उतरत होता. सियांग पारने मान खाली घातली.

मग तो अडला. एकच आवाज पुन्हा पुन्हा काढू लागला. कपाळावर घाम आला, पण पुढे जाता येईना. दॉत सुंगला ते बघवेना.

"बॉईचं नाव घ्यायचंय यांना," ती म्हणाली. "आमचा थोरला. मलेशियात आहे ना तो."

पी तियालने डोळे उघडले नाहीत. "मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली.

राल उक त्याच एका आवाजावर झुंजत होता. शेवटी दॉत सुंग चुलीकडे बघत, कुणी जबरदस्ती केल्यासारखी म्हणाली, "देवबापा, हे बॉईचं नाव घेताहेत. त्याला सांभाळ म्हणताहेत."

राल उकने मोठा श्वास सोडला आणि तो पुढे निघाला. तो एक सूर लावायचा, ती त्याचे शब्द करायची. चर्चच्या पाळकांचा दुखरा गुडघा आला, वरच्या आळीतली बाळंतीण आली. एके ठिकाणी तिने चुकीचं नाव घेतलं तर त्याने जोरात मान हलवली आणि तिने ते दुरुस्त केलं. मग त्याने डब्यावरचा हात काढून घेतला. त्याचं झालं होतं.

दॉत सुंगचं झालं नव्हतं.

"आता माझं ऐक," ती म्हणाली. "तू फार वाईट वागलास. डुकरीण मेली, ते तुला सांगितलंसुद्धा नाही मी. छप्पर उडालं, तेही नाही. रात्र रात्र कुणाशी बोलायचं मी, सांग ना. यांना बोलता येत नाही आणि तुझ्याशी मी बोलत नव्हते."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड काही थांबत नव्हतं. पावसात सडलेला मका झाला, बॉईचा न येणारा फोन झाला, शेजारणीशी कोंबड्यांवरून झालेलं भांडण तर पहिल्यापासून सुरू झालं. सियांग पारच्या पायाला मुंग्या आल्या. अख्ख्या खालच्या आळीतले तांदूळ अजून गोळा व्हायचे होते. दॉत सुंग नाक पुसायला थांबली, ती संधी साधून पी तियाल हळूच "आमेन" म्हणाली.

"थांबा ना, पी," दॉत सुंग म्हणाली. "आमचं अजून संपलं नाही."