पायाळूचा पाय

नत्थूजी सकाळच्या बसनं रामाकोन्याहून आले ते कमरेत वाकलेलेच. भिंत धरत धरत प्रमिलाच्या अंगणात शिरले, पालथे झाले आणि म्हणाले, "लाव पाय, बाई. उसण भरली."

प्रमिला ओसरीत फळीवर निजली होती. जन्मताना तिचे पाय आधी आले, म्हणून ती पायाळू. तिनं पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, हे साऱ्या सौसरला ठाऊक. एरवी तिच्या घरचं पाणीही न पिणारी माणसं कंबर धरून याच अंगणात पालथी पडत. प्रमिलाला याचा भारी अभिमान होता, खोटं कायले बोला.

पण महिनाभरापासून तिचीच शीर दबली होती. कमरेपासून पायाच्या करंगळीपर्यंत आग. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, फळीवर नीज, संत्र्याच्या पेट्या उचलू नको, थोडं थोडं चालत राहा. आणि पाय बधिर झाला तर एक दिवसही थांबू नको, नागपूर गाठ. आपल्या पाठीला आपलाच पाय काही लावता येत नाही.

परवापासून आग थांबली होती. पाय हलका झाला होता, झोपेत चालावं तसा. हवेत संत्र्यांचा गोड वास होता, ऊन कोवळं होतं. आपण बऱ्या झालो, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

"पायात उतरते का कळ?" तिनं पडल्या पडल्या विचारलं.

"नाही. कमरेतच अडकून राहिली."

"मंग उसणच. पायात उतरली असती तं मी हात जोडले असते. ते शिरेचं काम."

ती उठली. खांब धरून नत्थूजींच्या बाजूला उभी राहिली. पाय तीनदा पुढे केला. सारं कसं दूरवर चाललं होतं, पाण्याखाली चालावं तसं.

"लागला का?" तिनं विचारलं.

"तीनदा झाला की." नत्थूजींनी मान वळवली. "तुले समजलं नाही?"

प्रमिलानं खाली पाहिलं. तिच्या अंगठ्यावर एक मुंगळा चढला होता. त्याला काही घाई नव्हती.

नत्थूजी उठले. हळूहळू ताठ झाले आणि हसले. "उतरली, बापा."

"जाता जाता मंडीत आमच्या घरच्याले, उत्तमले सांगजा," ती म्हणाली. "काम सोडून ये म्हणा. मले आजच नागपूरले जा लागते."

मुंगळा एकेक बोट ओलांडत करंगळीवर आला आणि जमिनीवर उतरला. तिला तेही डोळ्यांनीच कळलं.